जरबेराचा कौल

मानसिंगनं पंचेचाळीस वर्षांत एकही निर्णय चुकीचा घेतला नव्हता. हे त्याचं त्यानंच सांगितलेलं. काटेवाडीच्या टपरीवर बशीतला चहा फुंकत तो हे सांगायचा, आणि समोरच्यानं मान हलवेपर्यंत सांगत राहायचा.

"झुंबरनं द्राक्षं लावली, झोपला. कोंबड्या आणल्या, त्या बी झोपल्या. आपला एक तरी निर्णय चुकल्याला दाखवा."

कुणाला दाखवता यायचा नाही. कारण मानसिंगनं निर्णय घेतलेलाच नव्हता. मेंढरं विकून जमीन धरायचं त्याच्या बापानं ठरवलं. ऊस लावायचं कालव्यानं ठरवलं, तो कधी तोडायचा ते कारखान्याच्या चिठ्ठीनं. लग्न आईनं ठरवलं. ओढ्याकडच्या अर्ध्या एकरात झेंडू लावायचं बायकोनं, सारजानं ठरवलं, आणि मानसिंगला ते फुलं आल्यावर कळलं.

अशा माणसाच्या घरी पुण्याहून एक पाकीट आलं.

साल पंचाण्णव-शहाण्णव. बारामतीपासून इंदापूरपर्यंत तेव्हा फुलांचा ताप होता. रस्त्याच्या कडेला प्लास्टिकची घरं उभी राहायला लागली होती आणि आत माणसांना ठेवत नाहीत एवढ्या थाटात फुलं ठेवत होते. जो उठेल तो हॉलंडचं नाव घ्यायचा. हॉलंड कुठं आहे विचारलं, की हात वर करून आभाळ दाखवायचा, कारण तिकडं विमान जातं एवढं पक्कं माहीत होतं.

पाकिटात गुळगुळीत कागद निघाला. त्यावर टाय लावलेला एक गृहस्थ हातात बशीएवढं लालभडक फूल धरून हसत होता. खाली लिहिलं होतं, 'घरबसल्या फुलशेती शिका. टपालाद्वारे सहा पुस्तिका, एक परीक्षा, एक प्रमाणपत्र. फी रुपये तीन हजार. दसऱ्यापर्यंत भरल्यास पिशवी मोफत.'

तेच पाकीट शेजारच्या झुंबरलाही आलं. त्यानं त्यावर तंबाखू मळली. मानसिंगनं मात्र ते सात वेळा वाचलं आणि रात्रीच्या जेवणाला ताटाशेजारी ठेवलं.

"फुलशेती शिकावी म्हंतोय," तो म्हणाला.

सारजा भाकरी थापत होती. "कुणाकडनं?"

"पुण्याहनं. टपालानं."

"आन वड्याकडंच्या वावरात काय हाय मग?"

"त्यो झेंडू हाय."

"झेंडू म्हंजी वांगं हाय व्हय?"

मानसिंगनं कागद पुढं केला. "ह्यात झेंडू हाय का बघ. न्हाय. झेंडू काय, म्हशीच्या बी गळ्यात बांधत्यात. फूल म्हंजी जरबेरा. इमानात बसून जातं."

"माजा झेंडू माज्या डोक्यावर बसून जातो. पाटीत. कंडक्टर त्याचं बी तिकीट मागतो." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "आन फी?"

मानसिंगची नजर फळीवरच्या डब्याकडं गेली. त्या डब्यात गणपतीतल्या झेंडूचे पैसे होते. तीन हजारांना थोडे वर. आणि ते कशाचे आहेत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सुकन्या, त्यांची एकुलती एक पोरगी, बारावी झाली होती आणि बारामतीला नर्सिंगच्या दुसऱ्या यादीत तिचं नाव लागलं होतं. फी भरायची शेवटची तारीख नवरात्रातल्या पाचव्या माळेला येत होती, संध्याकाळी पाचपर्यंत. नाही भरली तर नाव तिसऱ्या यादीतल्या पोरीला.

"आण्णा, माझं नाव लागलंय," सुकन्या म्हणाली. हे तिनं त्या आठवड्यात चौथ्यांदा सांगितलं होतं.

"लागलंय तर. मी कुठं न्हाय म्हंतोय?" मानसिंग म्हणाला. "पर ह्ये बी कोर्स, त्ये बी कोर्स. इचार करून ठरवू."

ठरवू म्हटल्यावर सारजानं तवा आपटला. मानसिंग ठरवणार म्हणजे काय होणार हे तिला वीस वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं. घराला दार कुठल्या रंगाचं लावायचं हे ठरत नव्हतं म्हणून पाच वर्षं त्या दाराला गोणपाट होतं.

कोपऱ्यात मानसिंगची आई बानूबाई पान कुटत बसली होती. ती म्हणाली, "लेका, बिरोबाला इचार की. तुज्या बापानं देवाला इचारल्याबिगर कोकरू इकलं न्हाय."

मानसिंगचा चेहरा असा उजळला, की लाईट आली असं वाटून सुकन्यानं बल्बकडं बघितलं. देव ठरवणार. म्हणजे आपण नाही.

सारजाही अडली नाही. "लावा कौल," ती म्हणाली. "देवाला तरी अक्कल आसंल."

आता कौलाची रीत अशी. बिरोबाच्या छातीला पुजारी पांढऱ्या शेवंतीची पाकळी पाण्यानं चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. पाकळी उजवीकडं पडली तर हो, डावीकडं पडली तर नाही. पाच-दहा मिनिटांचं काम. पण घट बसले की देव बसला. मग नऊ दिवस त्याला हलवायचं नाही, धुवायचं नाही, काही विचारायचंही नाही. म्हणून घटाच्या आदल्या दिवशी, अमावस्येला, देवळात रेशनच्या दुकानासारखी रांग लागते.

मानसिंग रांगेत पहिला होता. त्याच्यामागं झुंबर होता, त्याला बावड्याची एक म्हैस घ्यायची होती. झुंबरमागं विहिरीची जागा विचारणारा एकजण, मग लग्नाचं स्थळ विचारणारे दोघं, शेवटी बैल विकावा का विचारणारा एक, अशी मानसिंग धरून सहा माणसं. आणि मानसिंगच्या हातात ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जरबेराचं फूल होतं. बावड्याला त्याचा साडू राम एका प्लास्टिकच्या घरात फुलं तोडायच्या कामावर होता. मानसिंग सकाळच्या एसटीनं जाऊन ते घेऊन आला होता आणि परतीच्या सगळ्या वाटेत त्यानं ते बाळंतिणीच्या पोरासारखं छातीशी धरलं होतं.

पुजारी गेणबा म्हाताऱ्यानं फूल उलटंपालटं करून बघितलं. "ह्ये काय?"

"जरबेरा."

"शेवंती लावायची रीत हाय बाबा. देवाला वळखीचं फूल लागतं."

"तात्या, सवाल फुलाचा हाय. मग त्या फुलालाच इचारायला नगं?" मानसिंग म्हणाला. हे त्याला एसटीत सुचलं होतं आणि त्याचं त्यालाच फार आवडलं होतं.

"आन आज देव वला हाय. सकाळीच शेंदूर चढवलाय, त्याल अजून सुकलं न्हाय."

"चांगलंच की. ताजा देव, ताजं फूल."

मागून झुंबर म्हणाला, "तात्या, लावा लवकर. माजी म्हस तिकडं दुसरा कुणी धरून नेईल."

बानूबाईनं मानसिंगला कोपरानं ढोसलं. पैशाचा सवाल असला की पैसा देवापुढं ठेवायचा असतो, ही तिच्या सासऱ्यापासूनची रीत. मानसिंगनं डब्यातले पैसे पाकिटात घालून आणले होतेच. पुण्याहून आलेल्याच पाकिटात. त्यानं ते विड्याच्या पानावर देवापुढं ठेवलं.

"आता कौल लागल्याबिगर ह्याला हात न्हाय," बानूबाई म्हणाली.

"लागतोय की आत्ता," मानसिंग म्हणाला.

गेणबानं देठ खुडला, फूल पाण्यात बुडवलं आणि देवाच्या छातीला दाबलं. "बिरोबा, मानसिंगानं टपालानं फुलं शिकावीत का? शिकावीत तर उजवा दे, न्हाय तर डावा दे."

सगळ्यांनी माना लांब केल्या.

फूल बसलं. असं बसलं, की जणू देवाच्या छातीतूनच उगवलं. पसरट बूड, वर तेलातला ओला शेंदूर. लालावर लाल. बिरोबा एखाद्या पुलाच्या उद्घाटनाला निघाल्यासारखा दिसायला लागला.

दहा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. बायका उठून घरी गेल्या, भाकरी करून परत आल्या. फूल तिथंच.

"पहिला कौल मोकळा झाल्याबिगर दुसरा लावता येतो का तात्या?" झुंबरनं विचारलं.

"न्हाय."

झुंबरनं मानसिंगकडं बघितलं. मग विहिरीवाल्यानं बघितलं. मग लग्नाच्या दोघांनी बघितलं.

दिवेलागण झाली. गेणबा उठला. "उद्या घट. देव बसला. आता नऊ दिस हात लावायचा न्हाय."

"पर फूल?"

"फूल बी बसलं."

दुसऱ्या दिवशी घट बसले आणि बिरोबाच्या देवळात गाव बसलं. रांगेतली सहा माणसं तर हटायलाच तयार नव्हती. कोण जाणे, फूल आपोआप पडलं तर पुढचा नंबर लागेल. मानसिंग खांबाला टेकून मधोमध, आणि येणारा जाणारा त्याला काहीतरी बोलून जाई.

"फूल हाय का कुलूप?"

"पंखा लावा की गावकऱ्यांनो."

"कुठल्या अंगानं लावायचा? उजवीकडनं लावला तर डावीकडं पडंल. म्हंजी कौल पंख्याचा व्हईल, देवाचा न्हाय."

"धूप घाला लई," झुंबर म्हणाला. "शिंकंल तरी."

धूप घातला. माणसं शिंकली.

तिसऱ्या माळेला एक खाकी रंगाची स्कूटर देवळापुढं थांबली. तिच्यावरून टाय लावलेले गृहस्थ उतरले. कागदावरचे तेच, हसूही तेच, फक्त हातात फूल नव्हतं. दत्तोपंत. शेतीखात्यातून निवृत्त झालेले आणि कोर्सचे संचालक, शिक्षक, टंकलेखक आणि पोस्टात पाकिटं टाकणारेही तेच. दसरा जवळ आल्यावर ते स्वतः फिरून फी गोळा करायचे.

"मानसिंगराव कोण आपल्यात?"

तीस बोटांनी मानसिंग दाखवला.

दत्तोपंतांना सगळी हकीकत सांगितली गेली. ती ऐकताना त्यांचे डोळे हळूहळू ओलावले. एका फीसाठी आले होते, आणि इथं अख्खं गाव तीन दिवस त्याच विषयावर उपाशी बसलं होतं. पुण्यात त्यांच्या कोर्सवर त्यांची बायकोसुद्धा तीन मिनिटं बोलत नसे.

"साहेब, तुमी फुलाचं जाणकार," विहिरीवाला म्हणाला. "ह्ये कवा पडंल?"

दत्तोपंतांनी गाभाऱ्याबाहेरून वाकून बघितलं. "उत्तम प्रत आहे. जरबेराचं वैशिष्ट्यच ते. तोडल्यावर दहा-बारा दिवस पाकळीसुद्धा मान टाकत नाही. म्हणून तर निर्यातीला चालतं. पुस्तिका क्रमांक तीन."

"म्हंजी दसऱ्यापातूर?"

"अगदी टवटवीत."

सगळे पुन्हा मानसिंगकडं बघायला लागले.

दत्तोपंत निघाले नाहीत. कारण झुंबर सहज बोलून गेला, "मानसिंगाला उजवा आला तर आमी बी समदी घेऊ कोर्स." त्यांनी मनात तीस गुणिले तीन हजार केलं आणि स्कूटर सावलीला लावली. मुक्काम मानसिंगकडं. साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक. जेवता जेवता ते सारजाला झेंडूवर कीड कशी पडते ते सांगत, आणि सारजा झेंडूच्या पैशानं आणलेली भगर त्यांच्या ताटात वाढत असे.

चौथ्या माळेच्या रात्री सारजानं मानसिंगला विचारलं, "उद्या पाचवी माळ. पोरीची फी?"

"पडंल उद्यापातूर."

"साहेब म्हंत्यात, दहा दिस पडत न्हाय."

"साहेबाला देवाचं काय कळतंय?"

"मग त्याचा कोर्स कशाला?"

मानसिंगनं कूस बदलली.

पाचव्या माळेला दुपारी बाराच्या सुमारास सारजा देवळात आली. मागं सुकन्या, हातात फॉर्म, केसांना तेल लावून वेणी घातलेली, पायांत नवी चप्पल. 

"पाकीट उचला," सारजा म्हणाली.

"आगं, कौल–"

"कौल ऱ्हाऊ द्या छातीवर. पैसं झेंडूचं हाईत. देवाला मी सांगते."

गेणबा खाकरला. "सारजाबाय, देवापुढं ठिवल्यालं कौलाबिगर उचलत न्हाईत. गावावर काय आलं मंजे?"

"तात्या, मग दुसरा कौल लावा. पैसं उचलू का नगं, एवढंच इचारा."

"पहिला मोकळा झाल्याबिगर दुसरा न्हाय."

दत्तोपंत पुढं सरले. "वहिनी, शिक्षण कुठलंही असो, ते–"

"तुमी जेवलाव न्हवं?"

"हो."

"मग गप बसा."

दत्तोपंत बसले. सारजा मानसिंगकडं बघत उभी राहिली. गावही बघत होतं. पाकीट मानसिंगपासून दोन हातांवर होतं. गुडघ्यावर येऊन हात लांब केला असता तर बोटं लागली असती. त्याला ते समजतही होतं. पण हात लांब केला म्हणजे ते त्यानं केलं असं झालं असतं, आणि पुढं काही वाईट झालं तर ते कुणावर घालणार?

"आण्णा," सुकन्या म्हणाली, "मी उचलू का?"

मानसिंगनं देवाकडं बघितलं. देवानं फुलाआडून त्याच्याकडं.

"इचारावं लागंल," मानसिंग म्हणाला.

सुकन्यानं फॉर्मची घडी घातली. एकदा घातली, मग त्या घडीची पुन्हा घडी घातली. मायलेकी देवळातून निघाल्या त्या सरळ ओढ्याकडच्या वावरात गेल्या, दोघींनी हाताला लागेल तेवढा झेंडू तोडला, अर्धवट उमललेलासुद्धा, आणि दोन पाट्या घेऊन बारामतीची एसटी धरली. पण झेंडूचा भाव नवव्या माळेला येतो. पाचव्या माळेला गिऱ्हाईक त्याला हात लावून पुढं जातं. साडेचारपर्यंत बसून फीचे निम्मे पैसे झाले. खिडकीतला कारकून म्हणाला, "निम्म्या फीत निम्मी नर्स होते का?" आणि पाच वाजता खिडकी लागली.

दोघी सातच्या एसटीनं परत आल्या. मानसिंग दारात उभा होता.

"झालं का?" त्यानं विचारलं.

सारजा त्याच्या अंगावरून आत गेली. सुकन्यानं नव्या चपला काढल्या, पुसल्या, आणि खोक्यात घालून फळीवर ठेवल्या. रिकाम्या डब्याशेजारी.

त्यानंतर घरात मानसिंगशी बोलणारे दत्तोपंत एकटेच उरले.

दसरा उजाडला. देवळात माणूस मावेना. गेणबानं घट हलवला, गाऱ्हाणं घातलं आणि देवाच्या डोक्यावर पहिला तांब्या ओतला. फूल हललं. रांगेतले सहाजण उठून उभे राहिले. दुसरा तांब्या ओतला. फूल छातीवरून सुटलं, पोटावर आलं, तिथं जरा थांबलं. कुणीतरी "उजवा, उजवा" म्हणालं, कुणीतरी "डावा" म्हणालं. तिसऱ्या तांब्याला ते सरळ खाली घसरलं, ना इकडं ना तिकडं, आणि मधोमध ठेवलेल्या पाकिटावर तोंड वर करून बसलं.

सगळ्यांनी गेणबाकडं बघितलं.

"ह्यो कुठला कौल?" झुंबरनं विचारलं.

गेणबानं कपाळ खाजवलं. "मधला. माज्या बापाच्या वक्ताला एकदा झाल्ता. म्हंजी देवानं सवाल माघारी दिलाय. तुजं तू बघ म्हंतोय."

 इतक्या वर्षांत पहिल्यांदा मानसिंगपुढं काही ठरवायचं होतं आणि ठरवायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. बाप मेला होता, कालवा बोलत नव्हता, बायको बोलायची बंद झाली होती आणि आता देवानंही हात वर केले होते. तीस माणसं बघत होती. दत्तोपंतांनी पावतीपुस्तक काढून पेनाचं टोपण दातांत धरलं होतं.

मानसिंगनं विचार केला. सुकन्याचा सवाल तर पाचव्या माळेलाच मिटला. मग आता हे पैसे नुसते ठेवून काय करायचे? असा तो विचार होता आणि मानसिंगला तो फार सरळ वाटला.

त्यानं पाकीट उचलून दत्तोपंतांना दिलं.

नोटा भिजल्या होत्या. दत्तोपंतांनी त्या एकेक सोलून काढल्या, गुडघ्यावर वाळत घातल्या आणि पावती फाडली. मग उभं राहून गावाकडं वळले. "आता पुढचे कोण?"

गाव छताकडं बघायला लागलं.

"आपण सगळे घेणार होतात ना?"

"उजवा आला आस्ता तर घेतला आस्ता साहेब," झुंबर म्हणाला. "ह्यो तर त्याचा त्यानं घेतलाय. त्याच्या भरवशावर कोण घेणार?"

दत्तोपंत सात दिवसांची भगर पोटात आणि एक फी खिशात घेऊन गेले. मोफत पिशवी द्यायची राहिली. झुंबरनं शेवंतीची पाकळी लावली. त्याचा कौल तीन मिनिटांत लागला.

पुस्तिका आल्या. पहिलीत दत्तोपंतांचा फोटो आणि मनोगत. दुसरीत हॉलंडचं हवामान. तिसरीपासून पुढं सगळं इंग्रजी, कारण दत्तोपंतांना भाषांतराला वेळ झाला नव्हता. मानसिंगनं त्या सुकन्यापुढं ठेवल्या.  दुपारची भांडी झाली की ती वाचायची, अर्थ सांगायची, मानसिंग ओसरीवर आडवा होऊन हुं हुं करायचा. परीक्षेचा पेपर टपालानं आला, तोही तिनं सोडवला. प्रमाणपत्र पहिल्या श्रेणीचं आलं. मानसिंगच्या नावाचं. त्यानं ते बारामतीहून काचेत बसवून आणलं.

सहाव्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर प्लास्टिकच्या घराचा किमान खर्च दिला होता. तो आकडा सुकन्यानं दोनदा वाचून दाखवला. मानसिंगनं एवढे पैसे एकत्र फक्त कारखान्याच्या वार्षिक अहवालात बघितले होते. म्हणून त्यानं शिकलेलं ज्ञान असलेल्या फुलांवर चालवायचं ठरवलं. हल्ली त्याला ठरवायची सवय लागली होती. टपरीवर आता तो निर्णयाबद्दल बोलायचा नाही, शास्त्राबद्दल बोलायचा.

"औंदाचा झेंडू मी बघतो," तो पावसाळ्यात सारजाला म्हणाला.

"बघा," सारजा म्हणाली.

इतक्या लवकर ती कशी कबूल झाली याचा त्यानं विचार केला नाही. सारजा आता रोज सकाळी झुंबरच्या रानात जायची. रोजंदारीनं जात असेल, असं मानसिंगनं धरून चाललं.

पुस्तिका क्रमांक चारमध्ये मोठ्या फुलाचं गुपित होतं. एका फांदीला एकच कळी ठेवायची, बाकीच्या खुडायच्या. मग सगळा जोर त्या एका फुलात उतरतो. ते कार्नेशन नावाच्या विलायती फुलाबद्दल होतं. मानसिंग म्हणाला, फूल ते फूल. आठ दिवस तो अर्ध्या एकरात उकिडवा बसून कळ्या खुडत होता. एका झाडाला एक कळी. बांधावरून जाणारी माणसं थांबून बघायची.

"मानसिंगराव, काय ह्ये?"

"शास्त्र."

"झेंडू किलोवर जातो, नगावर न्हाय."

"म्हणून तर तुमी मागं ऱ्हायला."

गणपतीत तोडायला काहीच नव्हतं, कारण सगळ्या कळ्या बांधावर वाळत पडल्या होत्या. नवरात्रात एका झाडाला एकेक फूल आलं. नेहमीच्या फुलाच्या सव्वापट असेल. सातव्या माळेला जोराचा पाऊस झाला. मोठ्या फुलांत पाणी साठलं, त्यांनी माना टाकल्या, आणि नवव्या माळेपर्यंत अर्धा एकर काळा पडला.

दसऱ्याला दाराला तोरण पाहिजे. मानसिंगनं घरात हाका मारल्या. सारजा घरात नव्हती, सुकन्याही दोन आठवडे दिसली नव्हती; मामाकडं गेली असेल, असं त्यानं धरलं होतं. बानूबाई म्हणाली, "जा बारामतीला, घिऊन ये पाव किलो." तो गेला.

मंडईबाहेर झेंडूचे ढीग लागले होते. सगळ्यात मोठ्या ढिगाशी गिऱ्हाइकांची दाटी होती. मानसिंग गर्दीत शिरून पुढं आला. ढिगामागं, तागडी हातात धरून, सारजा बसली होती. शेजारी झुंबरची बायको म्हाळसा पैसे घेत होती.

"ह्यो कुणाचा झेंडू?" मानसिंगनं विचारलं.

"माजा," सारजा म्हणाली. "झुंबरभावजींच्या रानात. निम्म्या वाट्यानं."

"कवापासनं?"

"तुमच्या पुस्तकातली चौथी वही आली तवापासनं. किती दिऊ?"

मानसिंगनं ढिगाकडं बघितलं. साधी, लहान, गच्च भरलेली फुलं. "सुकन्या कुठं हाय?"

"हास्टेलात. औंदा पहिल्या यादीत नाव लागलं. फी गणपतीच्या झेंडूत भरली." तिनं तागडी उचलली. "मागं लोक थांबल्यात. किती?"

"मला कुणी इचारलं का न्हाय?"

"इचारलं आस्तं तर तुमी देवाला इचारलं आस्तं."

म्हाळसा तोंडाला पदर लावून दुसरीकडं बघायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "काका, घ्यायचं आसलं तर घ्या, न्हाय तर सरका."

"पाव किलो," मानसिंग म्हणाला.

सारजानं पाव किलो तोलून दिला. वर एक फूल घातलं नाही. म्हाळसानं दहाची नोट घेतली, सुट्टे परत दिले.

मानसिंग तीनच्या एसटीनं परत आला. झेंडूची पिशवी एसटीतच राहिली.